दोन ते चारचा पहारा

परमेश्वर आबा अंगणात येऊन उभे राहिले तेव्हा कडूबाई सारवत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि शेणाचा हात तसाच ओढत आबांच्या चपलांपर्यंत आणला. आबांना दोन पावलं मागं सरावं लागलं. सरपंचकीच्या सतरा वर्षांत त्यांच्याच गावात त्यांना कुणी असं मागं सारलं नव्हतं.

"लिंबाजी हाय का घरी?"

"जेलात न्हाई म्हंजी घरीच असंल की," कडूबाई म्हणाली आणि पुन्हा सारवायला लागली.

लिंबाजी आत बसून ऐकत होता. सुटून आल्याला त्याला अकरा महिने झाले होते. या अकरा महिन्यांत आबांची जीप त्याच्या दारावरून रोज गेली, पण काच कधी खाली झाली नाही. आज जीप नव्हती. आबा पायी आले होते, आणि पायी आलेला पुढारी म्हणजे अडलेला पुढारी, हे लिंबाजीला कुणी शिकवायची गरज नव्हती. कधी जीप काढायची आणि कधी पायी जायचं, हे बावीस वर्षं तोच आबांना सांगत आला होता.

कडूबाई हात धुवायला आत आली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "अडला हरी आलाय. जावा, पाय म्होरं करा."

आबा बाजेवर बसले. चेहरा उतरला होता. गावातल्या पाण्याच्या टाकीवरून सदस्य फिरले होते आणि त्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला होता. उपसरपंच सुग्रीव त्यांचा म्होरक्या. पण आबा थेट गावानं निवडलेले सरपंच, त्यामुळं त्यांना काढायचं तर आता गावालाच विचारावं लागणार होतं. सप्ताह संपला, काला झाला की दुसऱ्या दिवशी विशेष ग्रामसभा आणि चिठ्ठी टाकून मतदान.

"लिंबाजी, तुझ्याबिगर जमंना," आबा म्हणाले. "झालं गेलं गंगेला मिळालं. मागचं काढू नको. येवढ्या बारीला उभा ऱ्हा माझ्या पाठीशी."

गंगेला काय काय मिळालं होतं, ते आबांना आठवत नसलं तरी लिंबाजीला तारीखवार आठवत होतं.

आबा पडायला आले की लिंबाजीनं टेकू द्यायचा, असा या गावाचा रिवाजच होता. पाण्यासाठी बायांनी पंचायतीला कुलूप ठोकलं, तेव्हा हा दिवसभर कुलपाखाली बसून त्यांच्या शिव्या खात राहिला आणि संध्याकाळी किल्ली घेऊन आला. मध्ये सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, तेव्हा आबांच्या मंडळींना भाषण यानंच पाठ करून दिलं. आबांना साखरेचा आजार. गोळी घेऊन जेवायला उशीर झाला की त्यांना घाम फुटायचा, हात थरथरायचे. म्हणून राणीसावरगावच्या बाजारातून आणलेल्या गुळाचा एक खडा कागदात बांधून लिंबाजीच्या बंडीच्या खिशात कायम असे. भर सभेत आबांचा आवाज जरा जड झाला की हा पाणी द्यायच्या निमित्तानं पुढं जायचा आणि खडा हातात सरकवायचा. हे आबांच्या घरच्यांनाही धड ठाऊक नव्हतं.

मग टाकीचं काम निघालं. उंच खांबांवरची नवी टाकी. कामावर देखरेख लिंबाजीची. वरचा स्लॅब ओतून झाला, तो पेलायला खाली लोखंडी टेकूंचं सेंटरिंग उभं होतं. तीन आठवडे त्याला हात लावायचा नाही, असं इंजिनिअर सांगून गेला होता. पण एक मोठे पुढारी त्या भागात येणार असं कळलं आणि त्यांच्या हातून उद्घाटन करून घ्यायचं आबांच्या मनानं घेतलं. नवव्या दिवशी ते म्हणाले, "काढा ते टेकू. रंग मारायला घ्या." काढले. स्लॅब खाली आला. खाली टेकू काढणारा गावातलाच बजरंग होता, तिशीतलं पोरगं, लग्नाला चार वर्षं झालेलं. जागीच गेला.

त्या दिवशी आबांनी लिंबाजीचे दोन्ही हात धरले. "जबाब तू दे. सरपंच आत गेला तर गाव उघडं पडंल. महिन्याच्या आत सोडवतो तुला, आईची आन." लिंबाजीनं जबाब दिला. आपणच काढायला सांगितलं म्हणून सही केली. महिन्याचे सात महिने झाले. कडूबाईच्या भावानं गंगाखेडचा वकील लावला तेव्हा जामीन झाला. आबा परभणीच्या जेलाकडं फिरकलेसुद्धा नाहीत. गरज सरो, वैद्य मरो.

एवढं झालं असतं तरी लिंबाजीनं गिळलं असतं. पण तो आत असताना त्याची आई गेली. दहाव्याला आबा आले, आणि चार शब्द बोलायला उभे राहिले. "म्हातारीला आजारानं न्हाई, लेकाच्या करणीनं खाल्लं," ते सगळ्या भावकीसमोर म्हणाले. "गरिबाचं लेकरू मारलं यानं. यानं माझी इज्जत घालवली. चूक माझीच, मीच त्याला डोक्यावर बसवला." बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे. कडूबाईनं जेलाच्या जाळीतून हे शब्दन् शब्द सांगितलं, आणि लिंबाजीच्या पोटात तेव्हा जे पेटलं ते अकरा महिन्यांतही विझलं नव्हतं. सुटून आल्यावर त्यानं दोन-चार जणांना खरं सांगून पाहिलं. ते म्हणाले, मग तवा सही कामून केली? बजरंगची बायको मनिषा रस्त्यात दिसली की पदर ओढून दुसऱ्या कडेला जायची. आईच्या गावात, आईच्या माघारी, तो माणूस मारणारा झाला होता. त्याला त्याचं नाव परत पाहिजे होतं, आणि ते आबांच्याच तोंडून पाहिजे होतं.

"ऱ्हातो उभा," लिंबाजी म्हणाला.

आतल्या चुलीजवळ भांडं आपटल्याचा आवाज आला.

"पर माझं ऐकावं लागंल," तो पुढं म्हणाला. "चैत्राचा सप्ताह बसायलाय. तुमी वीणा घ्या, आबा. एकादशीच्या दिवशी, बारा ते दोन. गाव म्हनतंय तुमी देवाचं न्हाई, धर्माचं न्हाई. भर उन्हात दोन घंटे उभं ऱ्हाताना बघंल तर म्हातारी मान्सं इरघळतील. आन् दोन ते चारचा पहारा माझा. वीणा घेताना मी तुमच्या पाया पडंन. समद्या गावासमोर."

आबांचा चेहरा उजळला. ज्याच्यावर अन्याय झाला असं विरोधक कुजबुजत होते, तोच पायावर डोकं ठेवतोय म्हटल्यावर सुग्रीवच्या हातात उरलंच काय? त्यांनी लिंबाजीच्या पाठीवर थाप मारली. "उगंच न्हाई मी तुला मानत," असं म्हणाले आणि चहा न घेताच गेले. चहा कुणी ठेवलाही नव्हता.

कडूबाई दारात येऊन उभी राहिली. "लाज सोडली व्हय? परत त्याच्या पाया पडनार?"

"रीतच हाय. वीणा घेनाऱ्यानं देनाऱ्याच्या पाया पडायचं, देनाऱ्यानं घेनाऱ्याच्या."

"रीत मला सांगू नका."

"माझ्या आज्ज्याची गोष्ट आठवती का?" लिंबाजी म्हणाला.

कडूबाईला आठवत होती. सगळ्या गावाला आठवत होती. लिंबाजीच्या आज्यानं शेजाऱ्याचा बांध कोरला होता. पंचांनी विचारलं, तलाठ्यानं विचारलं, म्हातारा नाही म्हणत राहिला. मग सप्ताहात त्याच्या गळ्यात वीणा असताना शेजाऱ्यानं येऊन विचारलं, आणि म्हाताऱ्यानं उभ्या उभ्या सांगितलं की होय, मीच कोरला. गळ्यात वीणा असताना या गावात कुणी खोटं बोललेलं नाही. बोलेल त्याचं काय होतं ते माहीत नाही, कारण कुणी करून पाहिलेलं नाही.

 कडूबाई चुलीकडं गेली आणि चहा ठेवला, दोघांपुरता.

सप्ताह बसला. मारुतीच्या देवळापुढं मांडव पडला, भोंगा चढला. सात दिवस, सात रात्री नामाचा खंड पडायचा नाही आणि वीणा भुईला टेकायची नाही, हा नेम. दोन-दोन तासांचे पहारे घराघरांत वाटलेले असत, बापाचा पहारा लेकाकडं जाई. वीणेकऱ्यासमोर माईक, त्याचं नाम शिवारापर्यंत ऐकू जाई. पहाऱ्याची यादी दरसाल लिंबाजीच्याच हस्ताक्षरात खांबावर लागायची. जेलाच्या साली दुसऱ्या कुणी लिहिली होती, तर लोक यंदा म्हणाले, लिंबाजी, तूच लिही बाबा, तुझं अक्षर वाचायला येतं. त्यानं जुनी यादी समोर ठेवून लिहिली. एकादशीच्या खान्यात बारा ते दोन आबा, दोन ते चार स्वतः. बाकीची नावं त्यानं नुसती उतरवून काढली.

एकादशीला आबांनी उपास धरला. सकाळची गोळी घेतली आणि वर एक केळं. लिंबाजीला हे कळलं तेव्हा त्याच्या जिभेवर शब्द आला होता, की आबा, गोळी घेतली तर खाऊन घ्या. बावीस वर्षांची सवय. तो शब्द त्यानं गिळला. त्याला ठाऊक नव्हतं असं उद्या कुणी म्हणालं तर ते खोटं आहे.

आबांनी बंदोबस्त झकास केला होता. लिंबाजी पाया पडणार ही बातमी त्यांनीच पेरली होती. वस्त्यांवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणायला ट्रॅक्टर पाठवला होता. दीड वाजता मांडवात बसायला जागा नव्हती. एका बाजूला सुग्रीव तोंड आंबट करून बसला होता. बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत मनिषा होती, मांडीवर टाळ ठेवून. वर पत्र्यासारखं तापलेलं आभाळ आणि खाली परमेश्वर आबा, कपाळाला बुक्का, गळ्यात वीणा, डोळे मिटलेले. "रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी." खरं सांगायचं तर शोभत होते. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडं बघून माना डोलावत होत्या.

दोन वाजले. लिंबाजी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आला आणि वीणेपासून पाच पावलांवर खांबाजवळ थांबला. आबांनी डोळे उघडले. ओठांत हसले. पाय जरा पुढं केले.

लिंबाजी जागचा हलला नाही.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. टाळकरी एकमेकांकडं बघायला लागले. एक म्हातारा उठून म्हणाला, "लिंबाजी, घे की बाबा. न्हाईतर मी घेतो."

"पहारा माझा हाय, आन् मी आलेलो हाय," लिंबाजी म्हणाला. म्हातारा खाली बसला. ज्याचा पहारा तो मांडवात हजर असताना त्याला ओलांडून दुसऱ्यानं वीणा घ्यायची नाही, हाही नेमच होता.

मग तो चार पावलं पुढं झाला. माईक दोघांच्या मध्ये होता.

"आबा, पाया पडतो. पर आधी येक सांगा. नवव्या दिवशी टेकू काढा म्हनून कुणी सांगितलं?"

भोंग्यातून प्रश्न गावभर गेला. 

"रामकृष्ण हरी," आबा म्हणाले, मोठ्यानं.

"कुणी सांगितलं, आबा?"

"ही जागा हाय का हे इचारायची?"

"हीच हाय."

आबांनी पुन्हा नाम धरलं. खोटं बोलायला परमेश्वर आबांना जन्मात कधी अडचण आली नव्हती. आमदारासमोर बोलले, पोलिसासमोर बोलले, मेलेल्या म्हातारीच्या दहाव्याला बोलले. तूच सांगितलंस, एवढे दोन शब्द म्हटले असते तर सुटले असते. पण वीणेची दोरी मानेला घासत होती आणि समोर गाव बसलं होतं. खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. मग ते नुसते "रामकृष्ण हरी" म्हणत राहिले, जोरात, मग आणखी जोरात, आणि दर वेळी आवाज थोडा फाटत गेला.

लिंबाजी बघत होता. त्याला बरं वाटत होतं. जेलात रात्रंदिवस त्यानं याच तोंडाची वाट पाहिली होती. अडीच वाजले तेव्हा आबांच्या कानशिलावरून घामाची धार लागली. पावणेतीनला त्यांचे हात थरथरायला लागले, तारेवरचं बोट चुकायला लागलं. गावाला वाटलं, पापानं घाम फुटला. पाप होतंच, पण लिंबाजीला कळलं की साखर उतरली आहे. त्याचा हात आपोआप खिशाकडं गेला. खिशात कागदाची पुडी होती. अकरा महिन्यांत आबांचा संबंध नव्हता, तरी धुतलेली बंडी घालताना त्यानं गुळाचा खडा न चुकता खिशात टाकला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्याला स्वतःचाच राग आला आणि त्यानं हात बाहेर काढला.

"सांगा, आन् सुटा," तो हळू म्हणाला. "नुसतं 'मी' म्हना."

आबांनी त्याच्याकडं पाहिलं. नजर गढूळ झाली होती. त्या नजरेत राग नव्हता. वर्षानुवर्षं भर सभेतून ते जसं पाहायचे तसंच पाहत होते, की लिंबाजी, पडतोय, सावर.

आणि आबा पडले. गुडघे मोडले, अंग पुढं झुकलं, वीणेचा भोपळा भुईकडं निघाला. लिंबाजी झेपावला. हात दोनच होते. दोन्ही हातांनी त्यानं वीणा धरली, दोरी आबांच्या मानेतून ओढून काढली आणि माणूस सोडून दिला. बावीस वर्षांत पहिल्यांदा परमेश्वर आबा खरोखर जमिनीवर पडले, लिंबाजीच्या पायाशी, तोंडावर.

वीणा भुईला टेकली नाही. लिंबाजीनं ती गळ्यात घातली, तार छेडली आणि "रामकृष्ण हरी" म्हटलं. नामात खंडही पडला नाही. मग गलका झाला. कुणी पाणी मारलं, कुणी कांदा आणा म्हणालं. आबांचे डोळे पांढरे झाले होते. लिंबाजीनं बायकांच्या बाजूला पाहून हाक मारली.

"कडू, इकडं ये. माझ्या खिशात गूळ हाय. त्याच्या जिभंखाली ठेव."

कडूबाई आली, पण तिचा हात पुढं होईना. "ऱ्हाऊ द्या की तसंच," ती म्हणाली.

"मरू देऊ नको. काल्याच्या दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या मोजताना बसायचंय त्याला."

हे बोलणंही माईकवरून गावभर गेलं. कडूबाईनं खिशात हात घातला, पुडी काढली आणि दाताखाली खडा फोडून आबांच्या तोंडात कोंबला. थोड्या वेळानं आबांच्या अंगात धुगधुगी आली. दोघांनी त्यांना उठवून खांबाला टेकून बसवलं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, गळ्याला हात लावला. दोरी नव्हती.

"बघा," आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यासारखा गोड झाला होता. "आपलं पाप माझ्या पदरात टाकाया बघतोय. यानंच काढाया लावलं व्हतं सेंटरिंग. जबाबात याचीच सही हाय."

 गळ्यात वीणा होती तोवर पाऊण तास माणूस मुका, आणि दोरी निघाल्याबरोबर जीभ चालू. आंधळ्यालाही दिसावं इतकं ते उघडं होतं. सुग्रीव गालात हसला. आबांनी ट्रॅक्टरनं आणलेल्या म्हाताऱ्या त्यांच्याकडं बघत होत्या आणि मगाशी डोलणाऱ्या माना आता स्थिर होत्या. तिथंच आबांचं मतदान झालं. नंतरच्या चिठ्ठ्या म्हणजे नुसता कागद होता.

लिंबाजीला जे पाहिजे होतं ते झालं होतं. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर तो त्या रात्री वर्षभरानं निवांत झोपला असता. पण मनिषा उठली. टाळ हातातच होते. ती वीणेसमोर आली आणि गेल्या दीड वर्षात पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"आता तुमच्या गळ्यात हाय, लिंबाजीकाका. तुमी सांगा. कुणी सांगितलं?"

लिंबाजीनं तोंड उघडलं. आबांनी, असं म्हणायचं होतं. ते खरंच होतं. अकरा महिने त्यानं घोकलं होतं. पण तार बोटाखाली थरथरत होती, मनिषा समोर होती, आणि अर्धंच खरं गळ्यातून बाहेर पडेना.

"आबा बोलले, काढा म्हनून," तो म्हणाला. "मी न्हाई म्हनलो. एकडाव. आबा परत बोलले, तवा मी गप ऱ्हायलो." त्यानं दोरी सावरली. "टाकीवर आबा नव्हते. बजरंग म्हनला, काका, अजून वल हाय, काढू का नको? मी म्हनलो, काढ, कायबी हुत न्हाई. ते माझं तोंड व्हतं."

भोंग्यातून हेही गेलं. कडूबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"कोर्टात सांगाल?" मनिषानं विचारलं.

"सांगंन. जसं हाय तसं. दोघांचं."

 मनिषा परत गेली आणि आपल्या जागेवर बसली. तिनं मांडीवर टाळ ठेवले. आबांना कुणीतरी मोटारसायकलवर मध्ये बसवून घरी नेलं. जीप होती, पण चालवायला कुणी पुढं झालं नाही. लोक मात्र उठले नाहीत. लिंबाजी नाम घेत उभा राहिला. अंग हलकं झाल्यासारखं वाटत होतं. चार वाजेपर्यंत उभं राहायचं, मग घरी जायचं, एवढंच उरलं होतं.

चार वाजले. वीणा घ्यायला कुणी आलं नाही.

लिंबाजीनं मान वळवून खांबावरच्या यादीकडं पाहिलं. त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. चार ते सहा, बजरंगचं घर. दरसालचा नेम. बाप गेल्यावर पहारा बजरंगकडं आला होता, आणि बजरंग गेल्यावर त्याच्या बायकोकडं. लिंबाजीनं स्वतःच्या आधीच्या नावावर आठ दिवस डोकं चालवलं होतं. स्वतःच्या नंतरचं नाव त्यानं नुसतं उतरवून काढलं होतं.

मनिषा मांडवात हजर होती. तिला ओलांडून वीणा घ्यायला कुणाला येत नव्हतं.

"मी येनार हाय," ती बसल्या जागेवरून म्हणाली, कुणी न विचारता. "पर माझ्या टायमाला. तुमी उभं ऱ्हावा."

कडूबाई अर्धी उठली होती. लिंबाजीनं तिला मानेनंच बस म्हणून सांगितलं. त्याला राग आला नाही. आबांना उभं करताना जे त्याला न्यायाचं वाटलं, ते आता त्याच्यावर आल्यावर अन्यायाचं कसं म्हणायचं? साडेचार वाजले. मांडवाच्या फटीतून ऊन त्याच्या तोंडावर आलं आणि सरकायचं नाव घेईना. पिंढऱ्या भरल्या. आवाज बसला. पाच वाजता कीर्तनकार महाराज येऊन बसले. त्यांनी शेजाऱ्याला काहीतरी विचारलं, उत्तर ऐकलं आणि वीणेकडं बघून हात जोडले. जेलात सात महिने तो दुसऱ्याची सजा भोगतोय असं समजून राहिला होता. ही स्वतःची होती, आणि ती जास्त जड होती.

सहाला दहा मिनिटं कमी असताना मनिषानं टाळ खाली ठेवले आणि ती उठली. पुढं आली. लिंबाजीनं दोरी मानेतून काढली, वीणा तिच्या हातात दिली आणि वाकून तिच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं. उठताना त्याचा तोल गेला, त्यानं खांब धरला.

आता तिनं वाकायचं होतं. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं, घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या. शंभर वर्षांत कुणी चुकवलेलं नव्हतं. मनिषानं वीणा गळ्यात घातली, ताठ उभी राहिली आणि नाम सुरू केलं. मांडव भरलेला होता. रीत सांगायला एकही माणूस उठला नाही.